अडलेले वाचन : मराठी मुलांच्या अध्ययन अक्षमतेविषयी

एका अक्षरात माणसाची बुद्धी निकालात काढायची सोय मराठीने करून ठेवली आहे. ते अक्षर म्हणजे ‘ढ’. त्याची एक उपपत्ती सांगतात ती अशी, की ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांची वळणे पार पालटली, ‘ढ’ मात्र होता तसाच राहिला. म्हणून जो काही केल्या बदलत नाही, शिकत नाही, तो ‘ढ’. उपपत्ती खरी असो वा रचलेली, तिच्यात शाळेचा एक जुना समज नेमका पकडला आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला बुद्धी नाही, हा तो समज. गेली २२ वर्षे मी उपचारात्मक अध्यापन करते, म्हणजे वाचन-लेखनात अडलेल्या मुलांना एकेकटे घेऊन शिकवते. या समजाशी माझी रोज गाठ पडते, आणि तो फक्त अडाणी माणसांत असतो असे म्हणायची सोय नाही.

वैद्यकाला या समजाविषयी पहिली शंका आली त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टराने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. मुलगा चलाख, खेळात मागे नाही, गणिते सहज सोडवणारा. पण लहानपणापासून शिकवण्या लावूनही त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते. स्वतःचे नाव लिहिताना तो अक्षरे उलटसुलट करी आणि ती चूक त्याच्या ध्यानातही येत नसे. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते. मॉर्गनने याला जन्मजात शब्दांधत्व म्हटले. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्याआधी १८८७ मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने वापरला होता. ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ ही सगळ्यांना कवेत घेणारी संज्ञा त्या मानाने अलीकडची. सॅम्युअल कर्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती १९६३ मध्ये शिकागोला पालकांच्या एका परिषदेत मांडली आणि ती रुजली. आपण तिला अध्ययन अक्षमता म्हणतो.

व्याख्या थोडक्यात अशी. मुलाची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक आहे, डोळे-कान ठीक आहेत, शिकायची संधी मिळाली आहे, तरीही वाचन, लेखन किंवा गणन यांपैकी एखादे कौशल्य वयाच्या मानाने फार मागे राहते आणि सरावाने अंगवळणी पडत नाही. वाचनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनाची डिसग्राफिया, गणनाची डिसकॅल्क्युलिया. यातली पहिली सर्वांत जास्त आढळते आणि पुष्कळदा दुसरीला बरोबर घेऊन येते. ही मेंदूच्या जडणघडणीतली गोष्ट आहे आणि घराण्यात उतरते. मुलाची लक्षणे ऐकता ऐकता बाप गप्प होतो आणि निघताना हळूच म्हणतो, “बाई, माझंही असंच होतं. मी सातवीला शाळा सोडली.” हे मी इतक्यांदा ऐकले आहे, की आता मी त्या वाक्याची वाटच बघत असते.

इथवरचे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ने डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत नेला. त्या चित्रपटाचे ऋण मी मान्य करते. पण त्याच्यामुळे एक चित्र लोकांच्या मनात घट्ट बसले: इंग्रजी अक्षरे उलटी काढणारा मुलगा. शिक्षकांच्या प्रशिक्षणात वाटल्या जाणाऱ्या लक्षणांच्या याद्याही बहुधा इंग्रजीवरूनच उतरवलेल्या असतात. मूल ‘बी’चा ‘डी’ करते का, ‘वॉज’चे ‘सॉ’ वाचते का. मराठी शाळेतल्या बाई ही यादी घेऊन वर्गात बसतात आणि त्यांना असे एकही मूल सापडत नाही. सापडणार कसे? देवनागरीत एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटावी अशी अक्षरे जवळजवळ नाहीतच. आपल्याकडे अशी जोडी आहे ती अंकांत, ३ आणि ६ यांची. तिच्यावरून आपण ‘छत्तीसचा आकडा’ हा वाक्प्रचारही बेतला. अक्षरांत गोंधळ होतो तो भ-म, घ-ध, थ-य, ब-व यांचा. ‘ख’ हा ‘रव’ वाचला जातो. पण हे गोंधळ पहिली-दुसरीत सगळ्याच मुलांचे होतात. त्यावरून कुणाला डिस्लेक्सिया आहे असे म्हणू नये.

मग मराठीत हा दोष दिसतो कसा? त्यासाठी आपली लिपी मुलाकडून काय मागते ते आधी पाहायला हवे, आणि ते आपण साक्षर माणसे विसरून गेलेलो असतो.

इंग्रजी मुलाला २६ अक्षरे ओळखायची असतात. पण त्या अक्षरांचे उच्चार शब्दागणिक बदलतात, त्यामुळे त्याची खरी लढाई अक्षरांपुढे सुरू होते. आपल्याकडे उलट आहे. ३४ व्यंजनांना १२ स्वरचिन्हे लावली की ४०८ रूपे होतात. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ शाळेत आल्यापासून बाराखडीची चौदाखडी झाली आहे, आणि जोडाक्षरे त्यापलीकडे. एकदा ही रूपे हाती आली की उच्चार बराचसा ठरलेला. म्हणजे चढ सुरुवातीला आणि लांबलचक आहे. कन्नड मुलांवर झालेल्या अभ्यासांतून असे दिसले आहे, की अशा लिपीतला सगळा अक्षरसंच आत्मसात व्हायला चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो. मराठीतला माझा अनुभव याहून वेगळा नाही. त्यामुळे दुसरीतले मूल जोडाक्षरांपाशी अडले तर घाबरू नये, आणि पाचवीतले अडले तर ‘होईल हळूहळू’ म्हणून सोडूनही देऊ नये.

त्यात आपली लिपी दिसते तितकी सरळ नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारात ती नंतर. ‘अर्थ’मधला ‘र’ ऐकू येतो ‘थ’च्या आधी, पण बसतो ‘थ’च्या डोक्यावर. एकट्या ‘र’ची सोंगे पाहा: ‘प्रकाश’, ‘ट्रक’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. शेवटच्या दोन शब्दांतला फरक कळायला कान तयार लागतो. आणि याहून चकवणारी गोष्ट म्हणजे न उच्चारला जाणारा ‘अ’. ‘बसता’ आणि ‘रस्ता’ हे शब्द एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून बघा. कानाला यमक नेमके जुळते. मग एकात जोडाक्षर आणि दुसऱ्यात नाही, हे मुलाने कशावरून ओळखायचे? बहुतेक मुले हे कुणीही न शिकवता ओळखतात. शब्दांचे उच्चार डोक्यात स्पष्ट साठवलेले असतात, त्यांच्याशी लिहिलेले रूप जुळवून ती पुढे जातात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाचे नेमके हेच कोठार अंधूक असते. शब्द कळतो, बोलताही येतो, पण त्याचे ध्वनी सुटे करून हाताळता येत नाहीत. ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरेल, या प्रश्नाला दुसरीतली मुले झटकन ‘पाट’ म्हणतात. हे मूल थांबते, ओठ हलवते, कधी ‘कप’ म्हणते. ओळीने काढलेल्या ओळखीच्या चित्रांची नावे भराभर सांगायला लावली तर तिथेही ते मागे पडते. प्रत्येक नाव त्याला येते, पण वेळेवर ओठांवर येत नाही.

याचा परिणाम असा, की आपल्या लिपीत हे मूल पुष्कळदा बरोबर वाचते. चुकत नाही, फक्त हळू वाचते. जर्मन, इटालियन अशा उच्चारनिष्ठ लेखनाच्या भाषांतही हेच आढळले आहे. २००१ मध्ये एराल्दो पाउलेसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणारे डिस्लेक्सिक प्रौढ तपासले. वाचनात इटालियन मंडळी इतर दोघांपेक्षा सरस ठरली, पण वाचताना तिघांच्याही मेंदूचा डाव्या कानशिलालगतचा तोच भाग कमी काम करताना दिसला. मूळ अडचण एकच. लिपी तिला वेगवेगळे कपडे चढवते. १९९९ साली नोंदवलेले आणखी एक उदाहरण मला फार बोलके वाटते. जपानमध्ये वाढलेला, इंग्रजी बोलणाऱ्या आईवडिलांचा एक मुलगा जपानी उत्तम वाचत असे आणि इंग्रजीत डिस्लेक्सिक होता. आपल्याकडे सेमी-इंग्रजीच्या वर्गात याचे लहानसे रूप नेहमी दिसते. ‘मराठी वाचतो हो, इंग्रजीच कच्चं आहे,’ असे म्हणून पालक इंग्रजीची शिकवणी लावतात. मराठी तो किती वेळात वाचतो हे कुणी घड्याळ लावून पाहत नाही.

माझ्याकडे एक मुलगी आली होती, महापालिकेच्या मराठी शाळेत पाचवीत. आई म्हणाली, “बाई, पोरगी हुशार आहे हो. सगळा बाजार तोंडपाठ आणते, हिशेब चोख. पण पुस्तक उघडलं की झोप येते तिला.” मी तिच्यापुढे एक परिच्छेद ठेवला. तिने एकही शब्द चुकीचा वाचला नाही. पण तिचे बोट अक्षराअक्षरावरून चालले होते, ‘श..ह..रा..त’ आणि मग ‘शहरात’, आणि वाक्याच्या टोकाशी पोचेपर्यंत वाक्याची सुरुवात तिच्या हातून निसटलेली असे. तोच परिच्छेद मी वाचून दाखवला तेव्हा तिने सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली, आणि लेखकाची एक विसंगतीही दाखवून दिली. शाळेच्या प्रगतिपुस्तकात शेरा होता, ‘वाचन येते, आळस करते.’ हा शेरा लिहिणाऱ्या बाई वाईट नव्हत्या. त्या ऐकत होत्या ते चुका, आणि चुका नव्हत्याच.

लेखनाबद्दलही असाच घोटाळा होतो, फक्त उलट्या दिशेने. तिथे चुका मोजल्या जातात, पण भलत्याच. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बोलण्यात फारसा उरलेला नाही; तो नियमांत आहे. ‘मूल’ पण ‘मुलाला’, ‘फूल’ पण ‘फुलाचा’, ‘कवी’ पण ‘कविवर्य’. या चुका पदवीधरांच्या होतात, संपादकांच्या होतात, या लेखाच्या मुद्रिततपासनिसाने माझ्या काही दुरुस्त केल्या असतील. त्यांच्यावरून लेखन अक्षमता ठरवणे अन्यायाचे आहे. मी पाहते त्या चुका निराळ्या असतात. ‘सूर्य’चा ‘सुय्र’, ‘शब्द’चा ‘शद्ब’, गळलेले अक्षर, गळलेला अनुस्वार. आणि एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला. ही तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. ज्याला नियम माहीत नाही ते मूल एकाच प्रकारे चुकते. ज्याच्या डोक्यात शब्दाचे चित्रच स्थिर नाही ते दर वेळी नव्याने चुकते. हस्ताक्षर वाईट असणे हा आणखी वेगळा प्रकार, त्यात बोटांच्या हालचालीचा भाग असतो. त्याविषयी इथे लांबण लावत नाही.

गणिताविषयी मात्र थोडे सांगायला हवे, कारण त्यात भाषेने घातलेले ओझे आणि खरी अक्षमता यांची सरमिसळ होते. ‘चोपन्न’ ऐकताना चार आधी कानावर येतो, लिहायचा असतो पाच आधी. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात आणि लिहायचे दोन-नऊ. बरे, ८९ ला आपण एकोणनव्वद म्हणतो आणि ९९ ला मात्र नव्व्याण्णव. शंभरपर्यंतची नावे जवळजवळ सुटी सुटी पाठ करावी लागतात. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धती आली तेव्हा २०१९ च्या जूनमध्ये किती गदारोळ झाला ते वाचकांना आठवत असेल. त्या समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांची टिंगल करण्यात विधिमंडळापासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळे पुढे होते. भाषेचे वैभव जाते म्हणून हळहळणाऱ्यांत मीही थोडी होते, आणि आजही ‘त्र्याहत्तर’ हा शब्द मला प्रिय आहे. पण ५४ ऐवजी ४५ लिहून फटका खाल्लेली मुले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्या पद्धतीमागचे कारण समजावून सांगावे लागत नाही. असे मूल डिसकॅल्क्युलिक असेलच असे नाही. डिसकॅल्क्युलियात संख्येचा आकारच मनात उमटत नाही. सात मोठे की नऊ, हे ठरवायला पाचवीतल्या मुलाला बोटे मोजावी लागतात. ‘एकशे दोन वजा अठ्ठ्याण्णव’चे उत्तर चौऱ्याण्णव आले तरी त्याला ते खटकत नाही.

आता प्रश्न येतो, ही मुले ओळखायची कुणी आणि पुढे काय करायचे. कागदावर आपले राज्य मागे नाही. दहावीच्या परीक्षेसाठी अशा विद्यार्थ्यांना सवलती देण्याची सुरुवात महाराष्ट्राने १९९६ मध्ये केली आणि देशात हे पाऊल पहिले होते. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, एखाद्या भाषेतून सूट, गणिताला पर्याय, असे त्यांचे स्वरूप राहिले आहे. ‘महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन’ ही मुंबईतली संस्थाही त्याच वर्षीची. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य दिव्यांगत्वांची संख्या ७ वरून २१ झाली, आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळते आणि १४ व्या व १८ व्या वर्षी फेरतपासणी होते.

अडचण आहे ती प्रमाणपत्रापर्यंत पोचण्यात. सरकारी वा पालिका रुग्णालयातल्या केंद्रात अनेक खेपा घालाव्या लागतात: डोळे, कान, बुद्ध्यांक, मग शैक्षणिक चाचणी. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारखी केंद्रे आहेत, त्यांनी मोठे काम केले आहे. पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, रोजावर काम करणाऱ्या आईने चार-पाच दिवसांची मजुरी कशी बुडवायची? आणि ती पोचली तरी तपासायची चाचणी कुठल्या भाषेत? मूल ज्या भाषेत शिकते त्या भाषेत ते तपासले पाहिजे, हे इतके उघड आहे की सांगायलाही संकोच वाटतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचा चाचणीसंच केला, त्यात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे. प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला स्वतः वापरता येईल अशी चाळणीही त्यात आहे. मी ज्या ज्या मराठी शाळांत व्याख्यानाला जाते तिथे त्याचे नाव विचारते. हात क्वचितच वर होतो. सवलती घेणाऱ्या मुलांत इंग्रजी माध्यमाची, शहरातली, सुशिक्षित घरातली मुले जास्त दिसतात, हे माझे निरीक्षण आहे. त्यावरून हा श्रीमंतांचा आजार, गुण वाढवायची युक्ती, असा निष्कर्ष शिक्षकखोलीत बसून काढला जातो. मराठी शाळेत तो कुणी शोधलाच नाही, ही शक्यता मात्र कुणी बोलून दाखवत नाही.

शिक्षकांचा एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. ‘असर’चे अहवाल सांगतात, की पाचवीतल्या पुष्कळ मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. अर्धा वर्ग अडखळत असताना त्यातली अध्ययन अक्षमता असलेली दोन-तीन मुले निवडायची कशी? मेळघाटातले मूल घरी कोरकू बोलते, नंदुरबारच्या डोंगरातले पावरी. शाळेची मराठी त्याला परकी. त्याचे अडणे अक्षमतेमुळे की भाषेमुळे? अशा मुलावर अक्षमतेचा शिक्का मारणे म्हणजे शाळेची चूक मुलाच्या मेंदूवर ढकलणे. यावर मला पटलेला मार्ग असा आहे: आधी शिकवावे, मग निदान करावे. अडलेल्या सगळ्याच मुलांना लहान गटांत, रोज अर्धा तास, पायरीपायरीने, तीन-चार महिने वाचन शिकवावे. ज्यांना आजवर नीट शिकवलेच गेले नव्हते ती भराभर पुढे जातात. जी एवढ्यानंतरही जागची हलत नाहीत त्यांना तपासणीला पाठवावे. यात वाया काहीच जात नाही, कारण डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला जे लागते तेच बाकीच्यांनाही चालते.

आणि जे लागते ते फार परके नाही. डोळा, कान, बोट, जीभ यांना एकाच वेळी कामाला लावायचे, हे उपचारात्मक अध्यापनाचे मुख्य सूत्र. त्याचे श्रेय अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि अॅना गिलिंगहॅम यांना देतात, आणि ते योग्यही आहे. पण आपल्या पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवत आणि गिरवताना मोठ्याने म्हणत. धुळाक्षरे हा शब्द तिथलाच. मी परातीत बारीक रवा पसरते, कारण रेतीने खोली भरते. मूल बोटाने ‘स्त’ काढते, काढताना म्हणते, पुसते, पुन्हा काढते. पंतोजींच्या पद्धतीचा गौरव करायचा माझा हेतू नाही. त्याच शाळेत पावकी-निमकी पाठ होत नाही म्हणून छड्याही पडत, आणि पाढ्यांसारखे ओळीने पाठ करणे हे या मुलांना सर्वांत जड जाते. घ्यायचे तेवढे घ्यावे.

बाकी काम कंटाळवाणे असते. अक्षरांचा क्रम बाराखडीप्रमाणे न ठेवता वापराप्रमाणे ठेवायचा; ‘ङ’ आणि ‘ञ’ वर्षभर आले नाहीत तरी बिघडत नाही. एकदा शिकवलेले पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचे. मोठ्याने वाचायला वर्गापुढे उभे करायचे नाही. आणि वाचनाच्या वाटेवर मूल अडले म्हणून विषयाच्या वाटेवर त्याला अडवायचे नाही: इतिहास वाचून दाखवता येतो, विज्ञान बोलून विचारता येते.

ती पाचवीतली मुलगी आता नववीत आहे. ती अजून हळूच वाचते, पुढेही हळूच वाचेल. तिचा वेग वर्षाकाठी जेवढा वाढतो तेवढी पुस्तकेही जाड होत जातात. प्रमाणपत्र मिळाले आहे. चौदाव्या वर्षीची फेरतपासणी या डिसेंबरात आहे, आणि केंद्रात सकाळी लवकर नंबर लागतो, म्हणून तिच्या आईने आदल्या रात्रीच्या एसटीची चौकशी करून ठेवली आहे.